पेशंटचं वय

शेवटचा गुडघा काढून झाला होता.
मशीन बंद करणार, तेवढ्यात मुजावर बाई आल्या
विद्यापीठातनं, रिक्षानं, मांडीवर
जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी.
आमचं मशीन सहा महिने दुरुस्तीला आहे, म्हणाल्या,
डॉक्टरांशी बोललेय मी.

टॉवेल सोडला.
फरशीचा कापलेला तुकडा वाटावा असं,
बोटभरही जाड नाही, पांढरं, खरबरीत.
प्रवाळ, म्हणाल्या. लक्षद्वीपचं.
मला गुजरीतलं पोवळं माहीत,
आत्यानं मंगळासाठी घातलेलं, लाल.
ते वेगळं. हे अंगठीत बसत नाही.

रकाने भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढं सरकत नाही.
नाव : प्रवाळ.
स्त्री की पुरुष?
एकटं नाही हो ते, म्हणाल्या, लाखो जिवांची चाळ आहे,
वरच्या मजल्यावर तेवढे राहतात,
खालचे मजले बांधून सोडून दिलेले.
वय?
तेच तर बघायला आलेय.

हाताच्या पंजाला देतो तेवढंच दिलं.
बटण दाबताना सवयीनं म्हणालो,
श्वास रोखा.

पडद्यावर आलं ते
उसाच्या कांड्यागत, पेर, पेर, पेर.
एक दाट, एक विरळ,
मिळून एक वर्ष.
पेन्सिलीचं टोक काचेला न टेकवता
त्या मोजत आत आत निघाल्या.
आता दातांच्या डॉक्टरसारखं कोरायचं, म्हणाल्या,
महिन्याला एक चिमूट पूड.
पाणी तापलेलं असलं की तिच्यात स्ट्रॉन्शियम कमी,
गार असलं की जास्त.
शंभर वर्षांमागं त्या बेटापाशी रोज पाणी मोजायला
कोण बसलं होतं?
यानं मात्र काखेतला थर्मामीटर
काढलाच नाही कधी.

एका ठिकाणी माझंच बोट थांबलं.
पेर आखूड, आणि वर एक कडक रेघ.
हे आजारी होतं, म्हणालो.
कशावरनं?
पोरांच्या नडगीत असते की अशी.
महिनाभर टायफॉईड, नाहीतर पोटाला पुरेसं नाही,
हाड वाढायचं थांबतं.
मग पोर उठतं, खेळायला जातं,
आई विसरते,
रेघ राहते.

त्यांनी काठापासनं परत मोजलं.
दोनदा मोजलं.
अठ्ठ्याण्णव.
समुद्र तापला होता त्या उन्हाळ्यात,
रंग उडाले होते सगळ्यांचे.
मी दहावीत होतो. मला काहीच आठवेना.

आमच्या सुतारवाड्यातल्या घरात
भिंतीवर पुराच्या तीन रेघा आहेत,
पाच, एकोणीस, एकवीस.
एकोणीसची माझ्या हातालाही पोचत नाही.
चुलता चुना मारताना तेवढ्या सोडून मारतो.
पाचच्या आधीचं म्हाताऱ्यांच्या तोंडी,
पायरीला लागलं होतं की उंबऱ्याला, अजून भांडतात,
भिंत मातीची होती ती, पाण्याबरोबरच गेली.

म्हणून विचारलं, ह्यात पंचगंगा दिसंल का?
नाही, म्हणाल्या.
टॉवेलाची घडी घालत राहिल्या.
ज्या पाण्यावरनं ढग निघतात
ते किती तापलं होतं, ते दिसंल.
थोडंफार.
अजून खूप तुकडे लागतील.

वय : एकशे अकरा. दोन-तीन वर्षं इकडं-तिकडं.
तीन आकडे त्या रकान्यात मावतात
हे मला त्या दिवशी कळलं.

पैसे नको म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही.
फोटो पाकिटात घालून दिला.
पाकिटावर छापलेलंच असतं खाली,
वीस वर्षं बघतोय, कधी वाचलं नव्हतं :
पुढच्या वेळी येताना
जुने फोटो सोबत आणावेत.